खड्डा देखाले

“इतला पैसा खर्चीसन खड्डा देखाले जावानं?”

हा आईचा पहिला प्रश्न, तिच्या अहिराणीत. उन्हाळा होता, अमळनेरच्या आमच्या गच्चीवर बिबडे वाळत होते आणि दादा अमेरिकेतल्या फिनिक्सहून व्हिडिओ कॉलवर ग्रँड कॅनियन या प्रचंड दरीचे फोटो दाखवत होता. ४४६ किलोमीटर लांब, कुठे कुठे २९ किलोमीटर रुंद, दीड किलोमीटरहून जास्त खोल. आईने फोन उलटसुलट करून पाहिला आणि वरचा प्रश्न विचारला. दादाला उत्तर सुचलं नाही. मी भूगोल शिकवते, पण मलाही सुचलं नाही.

तरी पुढच्या एप्रिलचं ठरलं. पासपोर्ट निघाला. त्यात आईची जन्मतारीख १ जून १९५३ आहे. तिच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची पडायची. आईचा स्वतःचा हिशेब वेगळा आहे: बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं, सासरी आल्यावर सुकडी खाल्ली, तेव्हा ती अठरा-एकोणीसची असेल. नक्की किती, ते कोणालाच माहीत नाही. व्हिसाचा फॉर्म भरून देणाऱ्याने तर आडनावही माहेरचं टाकलं. तो फॉर्म पुन्हा भरावा लागला, पैसेही पुन्हा.

दादाने मग आणखी एक माहिती पाठवली आणि माझं डोकं त्यातच अडकलं. कॅनियनच्या दक्षिण कड्यावर ‘ट्रेल ऑफ टाइम’ नावाची एक पायवाट आहे, २०१० पासून. सपाट, फरसबंद, कड्याला लागून. तिथे एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. संग्रहालयापासून ‘आज’ सुरू होतं आणि चालत जाल तसे तुम्ही मागे मागे जाता. ज्या वयाचा खडक, त्या वयाच्या खुणेवर त्याचा नमुना मांडलेला, हात लावून बघायला. पूर्ण वाट दोन किलोमीटरच्या आसपास.

आईच्या गुडघ्यांना दोन किलोमीटर झेपतील का, हा आमचा खरा प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, चालवून बघा. मी म्हटलं, चालवायचंच आहे तर घरातल्या घरात कशाला, आपल्याच दऱ्यांतून चालवू. दसरा झाला होता, दिवाळीला वेळ होता, शाळेला जोडून सुटी मिळत होती. माझा मुलगा सोहम गाडी चालवायला तयार झाला. नवरा घरी राहिला. त्याने व्हॉट्सअॅपवरून साथ द्यायचं कबूल केलं आणि ती त्याने जरा जास्तच दिली.

पहिला दिवस : पाटणादेवी

पहाटे निघालो. पारोळा ओलांडताना आई झोपेत होती, मीही. पारोळ्याजवळ जे बघायला हवं होतं ते तिसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा फार हळहळ वाटली. पण ते पुढे येईलच.

चाळीसगाव सोडलं की सातमाळा डोंगररांगेची भिंत समोर येते. खानदेशातून दक्षिणेला पाहिलं की हा डोंगर असा उभा ठाकतो की वर पठार आहे हे खालून पटतच नाही. त्याच्या कुशीत पाटणादेवी. पावसाळा नुकताच सरलेला, डोंगरी नदीला पाणी होतं, गवत वरून पिवळं पडायला लागलं होतं. आईने चंडिकेची ओटी भरली. पिशवीतून साखरेची पुडी काढून देवळामागच्या वारुळाजवळ चिमूटभर टाकली. हे ती सगळीकडे करते. देव कोणताही असो, मुंग्यांचा वाटा ठरलेला.

मग तिने अभिषेकाला सांगितलं. गुरुजींनी संकल्प सुरू केला: श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगे, कलियुगे प्रथमचरणे... मी हे हजार वेळा ऐकलं असेल, त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. पाकिटावर आपण पत्ता लिहितो तो बारक्याकडून मोठ्याकडे जातो: घर, गल्ली, गाव, जिल्हा. संकल्पाचा पत्ता उलटा येतो. आधी कल्प, मग मन्वंतर, मग युग, मग द्वीप, खंड, दक्षिणापथ, गोदावर्या उत्तरे तीरे आणि शेवटी दर्भाच्या पवित्रीतलं एक माणूस, त्याचं नाव आणि गोत्र. अब्जावधी वर्षांच्या टोकाला पाट मांडून बसलेली माझी आई. ती पळीने पाणी सोडत होती आणि तिला याचं काही विशेष वाटत नव्हतं.

“पण तापीचं नाव का नाही?” सोहमने हळूच विचारलं. प्रश्न रास्त आहे. आम्ही तापीचं पाणी पिणारे, आणि पत्ता गोदावरीचा.

पाटणला हे सगळं ऐकणं योगायोग नव्हे, असं मला वाटलं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला होता. शके ११२८ च्या शिलालेखात तशी नोंद आहे. (चांगदेव म्हटलं की आपल्याला वाघावर बसलेले योगी आठवतात. हे ते नव्हेत, हे यादवांच्या दरबारातले ज्योतिषी.) भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या झाडीत पोरं बसून गणित घोकत होती. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथातलं एक गणित म्हणजे कल्पाच्या आरंभापासून किती वर्षं झाली, हे काढणं.

रात्री चाळीसगावच्या लॉजवर शेवभाजी खाऊन आलो तर नवऱ्याचा मेसेज आलेला. ‘आपल्या ऋषींनी पृथ्वीचं वय आधीच सांगून ठेवलं होतं! एक कल्प = ४३२ कोटी वर्षं. विज्ञान म्हणतं ४५४ कोटी!’ खाली हात जोडलेल्यांची रांग.

मला पूर्वी हा मेसेज आवडायचा. वर्गातही एकदा सांगितला होता. आता भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या मठाजवळ झोपायचं तर हिशेब नीट हवा, म्हणून सोहमला मोबाईलवर आकडे मांडायला लावले. सहा मन्वंतरं संपली, त्यांच्यालगतच्या सात संधी म्हणजे जोडकाळ, सातव्यातली सत्तावीस महायुगं, त्यानंतरची तीन युगं आणि शककालाच्या आरंभापर्यंतची कलीची ३१७९ वर्षं. बेरीज १९७,२९,४७,१७९. भास्कराचार्यांचाही हाच आकडा. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस. म्हणजे ४३२ कोटी ही त्या पूर्ण दिवसाची लांबी आहे आणि ब्रह्मदेवाची दुपार अजून व्हायची आहे. जगाचं चालू वय म्हणाल तर १९७ कोटी. ४५४ शी ते जुळत नाही. दिवसाची लांबी घेऊन ती घड्याळातली वेळ म्हणून सांगायची, ही लबाडी भास्कराचार्यांनी खपवून घेतली नसती.

नवऱ्याला हे कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

मग सहज म्हणून ट्रेल ऑफ टाइमवर मांडून पाहिलं. कॅनियनच्या तळाशी जो काळा, अतिशय जुना खडक उघडा पडला आहे तो साधारण १७५ कोटी वर्षांचा. वाटेवर १७५० मीटर. आमचा कल्प सुरू होतो १९७३ मीटरवर. आणि त्या तळाच्या खडकाचं नाव काय असावं? विष्णू शिस्ट. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने १८८० च्या सुमारास तिथल्या सुळक्यांना देवांची नावं दिली: विष्णूचं मंदिर, शिवाचं मंदिर. पुढे ब्रह्माही आला. विष्णूच्या मंदिरावरून खडकाला नाव पडलं. आईला सांगितलं. ती अंथरुणावर उठून बसली.

“तठे इष्णू शे?”

त्या क्षणापासून तो खड्डा राहिला नाही.

दुसरा दिवस : घाट आणि पितळखोरे

कन्नड घाटात एका बंद पडलेल्या टेम्पोमागे अर्धा-पाऊण तास गेला. बाकीचे हॉर्न वाजवत होते. मी खाली उतरून डोंगराचा कापलेला अंग पाहत बसले. काळा थर, मग हातभर लाल पट्टा, मग पुन्हा काळा. असले पट्टे घाटाघाटांतून दिसतात आणि आपण त्याला मुरूम म्हणून पुढे जातो. काळा थर म्हणजे लाव्हाचा एक लोट. तो थंड झाला, वरचा भाग ऊन-पावसाने झिजून माती झाली, कुठे उडून आलेली राख साचली, मग पुढचा लोट आला आणि त्याने ती माती भाजून झाकून टाकली. दोन लोटांमधली ही विश्रांती म्हणजे तो लाल पट्टा. अशा पट्ट्यांत कधी कधी झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण सापडतात. त्यांत अडकलेल्या युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. किती युरेनियम उरलं आणि किती शिसं झालं हे मोजलं की कणाची जन्मतारीख निघते. दख्खनची ती सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपास येते.

म्हणजे या पट्ट्याची तारीख आईच्या तारखेपेक्षा जास्त भरवशाची. हे मी तिला सांगितलं. ती खिडकीतून म्हणाली, “दगडले काय गुर्जी भेटना नही ना १ जून लिखाले.”

वर पठारावरून पितळखोऱ्याला जाणं सोपं, पण लेणी खाली दरीत आहेत आणि पायऱ्या बऱ्याच. आईने पन्नास-साठ पायऱ्या उतरून एका झाडाखाली बैठक मारली आणि तिथल्या रखवालदाराशी कपाशीच्या भावावर बोलू लागली. आम्ही दोघं खाली गेलो.

पितळखोरे मला अजिंठ्याहून जवळचं वाटतं, आणि ते काही कलेच्या कारणाने नाही. इथे गर्दी नसते आणि इथे खडक हरलेला दिसतो. इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात कोरायला घेतलेली लेणी, चैत्याच्या खांबांवर पैठणच्या मितदेव नावाच्या अत्तरवाल्याच्या घराण्याने दिलेल्या दानाचा लेख, हत्तींची ओळ, आणि त्यांच्या पुढ्यातला दर्शनी भाग कोसळून गेलेला. कोरणाऱ्यांनी निवडलेला थर ठिसूळ निघाला. अजिंठ्याला वाघूरच्या वळणातला खडक टिकला, इथला झडत गेला. श्रद्धा दोन्हीकडे तेवढीच असणार. फरक पडला तो लाव्हा निवताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांनी.

हे वाक्य मला सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झाले. वर येऊन आईला ऐकवलं. ती म्हणाली, त्या अत्तरवाल्याचं नाव अजून वाचता येतं ना? येतं म्हटलं. मग झालं की, म्हणाली.

त्याच रखवालदाराने तिला सांगितलं होतं की खाली पाटणच्या कण्हेरगडावर सीतेची न्हाणी आहे. आपण काल तिथे गेलो नाही म्हणून ती दिवसभर रुसली. कोरीव लेणं आहे ते, खरी न्हाणी नव्हे, असं सोहमने समजवायचा प्रयत्न केला. “माले काय आंग धोवानं व्हतं का?” म्हणाली.

तिसरा दिवस : भिंती आणि तापी

आजचा दिवस गाडीतलाच. चाळीसगाव, धुळे, दोंडाईचा, शहादा. दुपारचं ऊन ऑक्टोबरचं, म्हणजे एप्रिलला लाजवणारं. दोन्हीकडे कपाशीची वेचणी चाललेली.

धुळ्याच्या पुढे शेतांतून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या काळ्या, अरुंद टेकड्या दिसू लागल्या. टेकड्या तरी कशाच्या, पडक्या तटासारख्या सरळ रेघा. एकीच्या पायथ्याशी मेंढ्यांना पाणी पाजणारे एक बाबा भेटले. सोहमने विचारलं, ही भिंत कोणी बांधली? बाबांनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. “देवनी,” म्हणाले. “एक रातमा. कोंबडं आरवनं म्हणीसन आधुरी ऱ्हायनी.”

भूविज्ञानात याला डाइक म्हणतात. जमीन ताणली गेली, उभ्या भेगा पडल्या, खालून लाव्हा त्यांत चढला आणि तिथेच गोठला. मग भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि भेगेतला कठीण खडक भिंतीसारखा उभा राहिला. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक भिंती नोंदल्या आहेत. साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्यापर्यंत गेलेली एक तर ऐंशी किलोमीटरच्या घरात जाते. पारोळ्यापर्यंत! म्हणजे पहिल्या दिवशी पहाटे आम्ही तिच्या टोकापाशी घोरत होतो. आणि आईचं माहेर पारोळ्याचं. लहानपणापासून ती या भिंतीच्या आसपास वाढली.

बाबांची गोष्ट मी मनात तपासून पाहिली. एका रात्रीत, हे चूक. वरून कोणी रचली, हेही चूक, ती खालून आली. पण ‘ही साधी टेकडी नाही, हिची काहीतरी वेगळी कथा असली पाहिजे’ हे अचूक. हे त्यांना शाळेत न जाता कळलं होतं. मी बी.एस्सी. आहे आणि तीस वर्षं या रस्त्याने एस.टी.ने जाते आहे.

संध्याकाळी सारंगखेड्याच्या पुलावर थांबलो, मग प्रकाशाला गेलो. तापी आणि गोमाईचा संगम, घाट, केदारेश्वराची आरती. आई पाण्यात पाय सोडून बसली. इथे दरी दिसत नाही, पण आपण दरीतच असतो. सगळा खानदेश म्हणजे एक खचलेला पट्टा: उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा, आणि मधे भेगांच्या कडेने जमीन बसलेली. कोलोरॅडो नदीने पठार उचललं जात असताना करवतीसारखं कापत आपली वाट केली, तीही गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत. तापीला वाट बरीचशी आयती मिळाली. तिने ती गाळाने भरून काढली. तिथे नदीने खणलं, इथे नदीने लिंपलं. आमची केळी आणि ऊस त्या लिंपणावर उभे आहेत.

रात्री शहाद्याला दादाचा फोन. आता त्याचाही उत्साह वाढला होता. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. अॅरिझोनातल्या टूसान शहरात दर फेब्रुवारीत रत्न-खडकांचा मोठा बाजार भरतो. तिथे एका टेबलावर हिरवट अॅपोफिलाइटचा सुरेख गुच्छ होता आणि त्याखाली चिठ्ठी: ‘जळगाव, महाराष्ट्र, भारत’. किंमत ऐकून त्याने तो परत ठेवला. लाव्हातल्या त्याच बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून हे स्फटिक वाढतात. विहीर खणताना, खाणीत निघतात. अजिंठ्याच्या पायथ्याशी पोरं रुमालात बांधून विकतात, आणि आपण “नको रे” म्हणून हात झटकतो.

दुसरं, टूसानजवळच्या निवडुंगांच्या राष्ट्रीय उद्यानात ‘बहादा’ नावाचा रस्ता त्याने पाहिला, लिहिताना बजाडा. मी उडालेच. यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याचा जो दगडगोट्यांचा, पाणी पिणारा पट्टा आहे त्याला भूजलवाले बझाडाच म्हणतात. स्पॅनिश शब्द, उतार या अर्थाचा. आमच्या केळीवाल्यांच्या तोंडी तो जाऊन बसला आहे आणि त्यांना तो बहुतेक अहिराणीच वाटत असेल.

मग दादाने शेजाऱ्याचा विषय काढला. भला माणूस, दादाच्या आजारपणात रोज जेवण पोचवणारा. पण त्याच्या मते सगळं कॅनियन बायबलमधल्या नोहाच्या महापुरात तयार झालं, चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी. त्याच्यापुढे काही बोलायला दादाला अवघड होतं.

मी यावर बराच वेळ जागी होते. आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये बायबलवरून जगाचा आरंभ इसवीसनपूर्व ४००४ असा काढला. आकडा लहान निघाला, म्हणून खडक बोलू लागले तसं तिकडे भांडण पेटलं. आपल्याकडे आकडा आधीच अवाढव्य, म्हणून भांडण झालं नाही. आपण याचा अभिमान धरतो. पण झालं नाही याचा अर्थ मिटलं असा नाही. त्या शेजाऱ्याने निदान खडकाकडे पाहिलं, त्यात पुराच्या खुणा शोधल्या, चुकला. आम्ही काय केलं? आईने दगडाला शेंदूर लावला आणि वय विचारलं नाही. मी फळ्यावर वय लिहिलं आणि दगडाला कधी हात लावला नाही. एकाच घरात राहून आम्ही दोघींनी एकमेकींना काही विचारलंच नव्हतं.

चौथा दिवस : तोरणमाळ

सातपुड्यात शिरलो आणि हवा बदलली. तोरणमाळचा सातपायरी घाट चढताना सोहमचं तोंड बंद झालं, वळणंच तशी आहेत. मला मात्र नाव ऐकून हसू फुटलं. दख्खनच्या या लाव्हाला भूविज्ञानात ‘ट्रॅप’ म्हणतात. तो स्वीडिश शब्द, अर्थ जिना. थरावर थर, कडेने पायऱ्या पडलेले डोंगर पाहून दिलेला. आणि इथे कोणी स्वीडिश न येता घाटाला पायरी म्हणून मोकळा झालेला.

वर ११४३ मीटर. यशवंत तलावावर गार वारा. कॅनियनचा दक्षिण कडा याच्या जवळजवळ दुप्पट उंच, २१०० मीटरच्या आसपास. म्हणून आईचा श्वास लागतो का ते बघायचं होतं. लागला नाही. उलट तीच पुढे.

वाटेवर एक पावरा बाई टोपलीत सीताफळं घेऊन बसली होती. आईने भाव केला नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. टोपली विकत घेतली आणि म्हणाली, “देखं का? पयले न्हाणी, आते फळ.” मग सोहमने कडेची पाटी दाखवली: सीताखाई.

गाडीपासून कड्यापर्यंत सोहमने पावलं मोजली. साधारण सहासष्ट मीटर. त्याने मुद्दाम तिथेच गाडी उभी केली असावी, कबूल करत नाही. “आजी, एवढं चाललीस म्हणजे आपला सगळा डोंगर जन्मला तिथपर्यंत गेलीस.”

“आनी मंग? आंगे काय शे?”

पुढे काय होतं? मी सांगत गेले. कॅनियनच्या काठावर पाय ठेवतो तो वरचाच थर, तिथला सगळ्यात नवा, सत्तावीस कोटी वर्षांचा. समुद्राच्या तळाचा चुनखडक. त्याखाली वाळवंटाची वाळू गोठलेली, त्याखाली पुन्हा समुद्र, पुन्हा चिखल. आपल्या डोंगराचा जन्म झाला तेव्हा ते सगळे थर म्हातारे होते. आपला डोंगर काल झाला, आई.

समोर सीताखाई उघडलेली. सरळ तुटलेले काळे कडे, पायरीखाली पायरी, तळाला झाडी आणि झाडीतून येणारा पाण्याचा आवाज. पावसाळ्यातला धबधबा आता बारीक धार झाला होता. कॅनियनच्या मानाने ही चिमूट. पण माणसाच्या पोटात गोळा यायला केवढी खोली लागते? एवढी पुरते.

आई कठड्याला धरून उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, “सीताले धरतीनी पोटमा लिधं ना, ते आठेच व्हई.” कोणी तिला ही कथा सांगितली नव्हती, तिने तिथल्या तिथे जुळवली. “भुईमातून उनी, भुईमाच गयी.”

मला कॅनियनकडच्या होपी या आदिवासी लोकांची आठवण झाली. दादाने पाठवलेल्या माहितीत होतं: त्यांच्या परंपरेत माणसं या जगात वर आली ती कॅनियनच्या भागातल्या एका मुखातून, सिपापुनीतून. म्हणजे आपल्याकडे सीता खाली गेली आणि तिकडे सगळी माणसं वर आली. आईला सांगितलं. तिला ते अजिबात नवल वाटलं नाही. आत गेलेलं कुठून तरी बाहेर येणारच, असा तिचा चेहरा.

मग मला थोडी लाजही वाटली. विष्णू शिस्ट, शिवमंदिर म्हणून मी चार दिवस फुलले होते. पण ती नावं एका गोऱ्या साहेबाने तिथल्या माणसांना न विचारता ठेवली. तिथल्याच हावासुपाई या मूळ लोकांच्या जागेला ‘इंडियन गार्डन’ म्हणत, ते बदलून ‘हावासुपाई गार्डन्स’ व्हायला २०२२ साल उजाडलं. आणि सीताफळं विकणाऱ्या त्या बाईच्या बोलीत या खाईला काय म्हणतात, हे मीही विचारलं नव्हतं. परत जाताना विचारायचं ठरवलं. पण तोवर तिची टोपली संपली होती, म्हणजे आम्हीच संपवली होती, आणि ती निघून गेली होती.

कठड्यापाशी मुंग्यांची रांग होती. साखरेची पुडी निघाली.

पाचवा दिवस आणि नंतर

परतीचं विशेष काही नाही. चोपड्याला जेवलो, कळण्याची भाकरी आणि ठेचा. उनपदेवचे गरम झरे राहिले. रामाने बाण मारून काढलेलं पाणी म्हणतात, खोल भेगांतून तापून वर येणारं पाणी म्हणतात. ते दिवाळीनंतर.

घरी आल्यावर सोहमने टेप घेऊन फाटकापासून रस्ता मोजला आणि खडूने खुणा केल्या. ६६ मीटरवर पिठाची गिरणी. २७० वर पाण्याची टाकी. शाळेचं मैदान साधारण आठशेवर. विष्णू शिस्ट नेमका बोरी नदीच्या पुलाच्या अलीकडे येतो. आई रोज सकाळी हातात माळ घेऊन निघते. गल्लीतल्या बायका विचारतात, कुठे निघालात? ती एकीला म्हणाली, “सत्तावीस कोटी लगून जाई येस.” त्या बाई काल मला हळूच विचारत होत्या, आईची तब्येत बरी आहे ना?

काल शाळेच्या मैदानापर्यंत जाऊन आली. रात्री दादाला स्वतः फोन लावला.

“आते इष्णू लगून जावानं ऱ्हायनं. तठे नारळ फोडू देतस का?”

दादा म्हणाला, आई, तिथला खडा उचलायलाही बंदी आहे, नारळ कुठला.

“मंग ऱ्हाऊ दे. साखरनी पुडी लई येसू.”

तिथे मुंग्यांना खायला घालायलाही मनाई असणार, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.